शंभर रुपयांची कबुली

गेल्या महिन्यात एका पोराच्या जुन्या केसची नक्कल काढून आणली आणि तेव्हापासून त्यातलं एक पान काही डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून टाकते. पान म्हणजे छापील फॉर्म. वर केस नंबर, आरोपीचं नाव, कलम, तारीख एवढंच निळ्या पेनाने भरलेलं, बाकी सगळं आधीपासून छापलेलं. ‘प्रश्न : तुमच्यावरील आरोप तुम्हाला समजला काय? उत्तर : होय.’ ‘प्रश्न : तुम्हाला गुन्हा कबूल आहे काय? उत्तर : होय, कबूल आहे.’ ‘प्रश्न : कोणाच्या दबावाखाली कबुली देत आहात काय? उत्तर : नाही, स्वखुशीने देत आहे.’ प्रश्न छापील असतात ते ठीक आहे, पण इथे उत्तरंसुद्धा छापलेली आहेत. त्या पोराने कोर्टात पाय ठेवायच्या आधीच त्याची उत्तरं तयार होती. खाली त्याची सही, घाईत केलेली, आडनावाचं शेवटचं अक्षर ओळीच्या बाहेर गेलंय.

पोरगा आता तेवीस वर्षांचा आहे. नाव-गाव लिहीत नाही. दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी केली, ग्राउंड निघालं, लेखी निघाली, यादीत नाव लागलं आणि चारित्र्य पडताळणीचा फॉर्म हातात आला. त्यात रकाना असतो, तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झालाय का, कुठल्या कोर्टाने कधी दोषी ठरवलंय का. तिथे तो अडकला आणि वडिलांना घेऊन माझ्याकडे, म्हणजे वकिलाकडे आला. वडील म्हणाले, “मॅडम, एकदा शंभर रुपये दंड भरला होता, ते यात धरत्यात का?”

धरतात मामा. तेच तर धरतात.

झालं असं होतं की हा एकोणीस वर्षांचा असताना एसटी स्टँडवर दोन गटांची जुंपली, याचा मित्र खाली पडला, हा त्याला ओढून काढायला मध्ये घुसला, तेवढ्यात पोलीस आले आणि हाताला लागतील त्या सगळ्यांना घेऊन गेले. कलम लागलं १६०, सार्वजनिक ठिकाणी मारामारी करून शांतता बिघडवणं. जुन्या आयपीसीत, म्हणजे भारतीय दंड संहितेत, याला जास्तीत जास्त एक महिना कैद किंवा शंभर रुपये दंड किंवा दोन्ही, म्हणजे छोट्यातलं छोटं कलम. पहिल्या तारखेला साहेब रजेवर, दुसऱ्या तारखेला बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, एवढा मोठा की संध्याकाळपर्यंत पुकाराच झाला नाही, आणि तिसऱ्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी याचा कॉलेजचा पेपर. व्हरांड्यात कुणीतरी सांगितलं, कबूल करून टाक, शंभर रुपये भर, बारापर्यंत घरी जाशील, नाहीतर तीन वर्षं चकरा मारत बसशील. सांगणारा वकील होता की आणखी कोण, हे त्याला आठवत नाही आणि मलाही ते शोधायचं नाही, कारण हे वाक्य मी इतक्या कोर्टांच्या व्हरांड्यात इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की ते कुणा एकाचं राहिलेलंच नाही.

आत काय झालं ते मी त्याला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्याने तेच सांगितलं. “साहेबांनी विचारलं कबूल आहे का, मी म्हटलं हो साहेब, भांडण झालं होतं पण मी सोडवायला गेलो होतो. मग साहेब म्हणाले, कबूल आहे ना? मी म्हटलं हो.” संपलं. अर्धा मिनिट लागलं असेल.

आता बघा, ‘भांडण झालं होतं पण मी सोडवायला गेलो होतो’ ही कबुली नाहीये. हा बचाव आहे, आणि चांगला बचाव आहे. १६० मध्ये माणूस स्वतः मारामारी करत असला पाहिजे, नुसता त्या जागी हजर असला किंवा सोडवायला गेला तर तो गुन्हा होत नाही. म्हणजे पोराने कोर्टाला खरं ते सांगितलं होतं, त्याच्या भाषेत, एका वाक्यात. त्या वाक्याचा पुढचा अर्धा भाग गळला आणि कागदावर राहिलं ‘होय, कबूल आहे’.

माझा सगळा मुद्दा या गळलेल्या अर्ध्या वाक्याबद्दल आहे.

कायद्यात हे वाक्य गळू नये म्हणून सोय केलेली आहे, आणि ती आजची नाही. समन्स केसमध्ये, म्हणजे दोन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत, आरोपी हजर झाला की मॅजिस्ट्रेटने त्याला आरोप काय आहे ते सांगायचं आणि विचारायचं की गुन्हा कबूल आहे का, किंवा तुला काही बचाव मांडायचाय का. जुन्या सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम २५१, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं २७४. प्रश्नाचे दोन भाग आहेत. पहिला भाग सगळीकडे विचारला जातो, दुसरा ऐकायला मिळणं अवघड. त्यापुढचं कलम, जुनं २५२ आणि आताचं २७५, सांगतं की आरोपीने कबूल केलं तर ते शक्य तितकं त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं आणि मग मॅजिस्ट्रेट आपल्या विवेकाने त्यावर शिक्षा देऊ शकतो. देऊ शकतो, द्यायलाच पाहिजे असं नाही. महंत कौशल्य दास विरुद्ध मद्रास सरकार हा सुप्रीम कोर्टाचा निकाल १९६६ च्या एआयआरमध्ये, म्हणजे निकालांच्या संग्रहात, छापलाय, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीचा. त्यात कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की आरोपीच्या शब्दांत कबुली लिहिण्याची ही अट सक्तीची आहे आणि ती पाळली नाही तर खटलाच दूषित होतो. कारणही सरळ आहे. वरच्या कोर्टाला नंतर कधी तपासायचं झालं की या माणसाने नक्की काय कबूल केलं होतं, तर कागदावर त्याचे शब्द असले तरच तपासता येईल. छापील ‘होय’ वरून काय तपासणार.

हा निकाल आम्हा सगळ्यांना माहीत आहे. युक्तिवादात आम्ही तो वापरतोसुद्धा. आणि तरी ते छापील फॉर्म चालूच आहेत.

कबुली कायद्याने टिकायची तर ती आरोपीने स्वतः दिलेली हवी, कुणी दम देऊन किंवा आमिष दाखवून काढलेली नको, हे तर कुणालाही पटेल. पण त्याच्याही पुढचं म्हणजे ती समजून दिलेली हवी आणि निखळ हवी, तिच्यात ‘पण’ नको. ‘मारलं पण त्याने आधी मारलं’, ‘वस्तू माझ्याकडे सापडली पण ती चोरीची आहे हे माहीत नव्हतं’, ‘गाडी मीच चालवत होतो पण माणूसच अचानक आडवा आला’, यातलं एकही वाक्य गुन्ह्याची कबुली नाही. ही घटनेची कबुली आहे. घटना कबूल करणं आणि गुन्हा कबूल करणं यात जे अंतर आहे ते साध्या माणसाला माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नाही, ते बघणं कोर्टाचं काम आहे. आपल्याकडे माणसं प्रामाणिकपणे ‘हो साहेब’ म्हणतात. साहेबांसमोर नाही कसं म्हणायचं, खोटं कसं बोलायचं, भांडण तर झालंच होतं की. हा त्यांचा चांगुलपणा असतो आणि तो नेमका त्यांच्याविरुद्ध जातो.

याउलट एक उदाहरण देते जे सगळ्यांना आठवत असेल. २६/११ च्या खटल्यात ६ मे २००९ ला आरोप ठेवले गेले तेव्हा कसाबने गुन्हा नाकबूल केला होता. मग २० जुलैला, साक्षीपुरावा चालू असताना, तो एकदम उभा राहिला आणि म्हणाला मला कबूल आहे. हातात बंदूक घेतलेला त्याचा फोटो अख्ख्या जगाने पाहिलेला होता. त्या दिवशी न्यायाधीश तहलियानी यांनी लगेच शिक्षा सुनावली असती तर बाहेर किती जणांनी हरकत घेतली असती? पण त्यांनी तसं केलं नाही. त्याचं म्हणणं नोंदवून घेतलं, तपासलं, त्याने सगळे आरोप कबूल केलेले नाहीत, ही अर्धवट कबुली आहे असं म्हटलं, ती रेकॉर्डवर ठेवली आणि खटला पुढे चालवला. साक्षीदार तपासले गेले, उलटतपास झाले आणि ३ मे २०१० ला तो दोषी ठरला. मला त्या गोष्टीचा एक वकील म्हणून आजही अभिमान वाटतो. गंभीर गुन्ह्यात नुसत्या कबुलीवर जायचं नाही, पुरावा घ्यायचा, ही आपल्या सेशन्स कोर्टांची जुनी, चांगली पद्धत आहे.

मग एवढी काळजी कसाबच्या वाट्याला येते आणि स्टँडवरच्या पोराच्या वाट्याला अर्धा मिनिट येतो, हे माझ्या पोटात तुटतं. मला कळतं की दोन्हीकडे वेळ सारखा देता येणार नाही. एका दिवसाच्या बोर्डावर शंभर-सव्वाशे मॅटर असताना मॅजिस्ट्रेट काय करतील, तेही माणूसच आहेत. मी कुणा एका साहेबांवर हे लिहीत नाहीये, उलट एक मॅडम मी पाहिल्यात ज्या प्रत्येकाला विचारायच्या, “काय झालं होतं ते सांग आधी.” फक्त एवढंच. आणि आरोपीने तोंड उघडलं की दहातल्या दोन-तीन केसमध्ये त्या स्वतःच म्हणायच्या, ही कबुली होत नाही, प्ली नॉट गिल्टी लिहा, पुढची तारीख द्या. त्याला जास्तीत जास्त दोन मिनिटं लागायची.

आता लोक म्हणतात, शंभर रुपयांसाठी एवढं काय. भरले, सुटला. वाईट वाटतं ते याचंच, की तो सुटत नाही. दंड एक रुपया असला तरी शिक्षा ती शिक्षा, ‘दोषसिद्ध’ हा शब्द लागला तो लागला. आणि अपील? गुन्हा कबूल केला असेल तर दोषी ठरवण्याविरुद्ध अपील नाही, फक्त शिक्षा जास्त आहे किंवा बेकायदा आहे एवढ्यापुरतं करता येतं. त्यात मॅजिस्ट्रेटने फक्त शंभर रुपयांपर्यंत दंड केला असेल तर किरकोळ शिक्षा म्हणून तेही अपील नाही. समरी, म्हणजे झटपट पद्धतीने चाललेल्या केसमध्ये आरोपीने कबूल केलं तर कारणं देणारं निकालपत्रसुद्धा लिहावं लागत नाही. म्हणजे दंड जेवढा छोटा तेवढी चूक सुधारायची दारं कमी. रिव्हिजन, म्हणजे खालच्या कोर्टाचा आदेश वरच्या कोर्टाकडून तपासून घेणं, तेवढी राहते, त्याची मुदत नव्वद दिवस, आणि ज्याला आपलं काही चुकलंय हेच चार वर्षांनी कळतं त्याने नव्वद दिवसांत कुठून यायचं.

सुप्रीम कोर्टाने हे फार पूर्वी ओळखलंय. १९९६ चा पवनकुमार विरुद्ध हरियाणा सरकार हा निकाल मी कितीही वेळा वाचला तरी मला थांबायला होतं. कलम २९४ मध्ये, म्हणजे सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील वर्तनासाठी, वीस रुपये दंड झालेला एक माणूस, आणि त्यापायी त्याची सरकारी नोकरी गेलेली. कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल तर दिलाच, पण शेवटी संसदेला उद्देशून लिहिलं की देशात हजारो लोक, बहुतेक तरुण आणि अनुभव नसलेले, अशा छोट्या केसेसमध्ये दंड भरून मोकळे होतात आणि त्यांचं सगळं करिअर त्यात संपतं, तेव्हा साधारण दोन हजारांपर्यंतच्या दंडाची शिक्षा कुठल्याच कामासाठी शिक्षा धरू नये अशी तरतूद करा. किती माणसासारखं लिहिलंय. तशी सरसकट तरतूद आजही झालेली नाही, नवे कायदे १ जुलै २०२४ पासून आले तरी नाही.

आणि सगळ्यात जास्त जीव जळतो तो या गोष्टीने की त्या पोराने समजा खरोखरच मारामारी केली असती, तरी रस्ता होता. प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्ट, १९५८. पहिलाच गुन्हा आणि आयपीसीत दोन वर्षांपर्यंतची शिक्षा असेल तर कलम ३ खाली कोर्ट नुसती समज देऊन सोडू शकतं, आणि कलम १२ म्हणतं की असं सोडलेल्या माणसाला दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागणार नाही. नोकरी देणारे वागणूक म्हणून तरीही बघू शकतात, ते कवच पूर्ण नाही, पण कवच आहे. एक अर्ज, एक पान. तोंडी विनंती केली तरी चालतं. शंभर रुपये घेण्याऐवजी समज देऊन सोडा साहेब, असं म्हणायला त्या दिवशी त्याच्या बाजूला कुणीही उभं नव्हतं. १९८६ मध्ये सुक दास केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की गरीब आरोपीला मोफत वकील मिळतो हे त्याला कोर्टानेच सांगितलं पाहिजे, त्याने मागितला नाही म्हणून दिला नाही हे चालणार नाही. प्रत्येक तालुक्याला विधी सेवा समितीची पाटी असते, मी स्वतः त्या पॅनलवर आहे, आणि तरी १६० मध्ये आलेल्या पोराला त्या खोलीपर्यंत कुणी आणत नाही कारण ‘त्यात काय, कबूलच करायचंय’.

हे प्ली बार्गेनिंग नव्हे बरं का, लोक दोन्ही गोष्टी एकच समजतात. प्ली बार्गेनिंगचा आपल्याकडे वेगळा इतिहास आहे आणि तो लांबलचक आहे, थोडक्यात सांगते. ‘तू कबूल कर, आम्ही शिक्षा कमी करतो’ हा सौदा आपल्या सुप्रीम कोर्टाला सुरुवातीपासून खटकत आला. १९७६ ची मुरलीधर मेघराज लोया ही आपल्या महाराष्ट्रातलीच, खुरासणीच्या तेलातल्या भेसळीची केस, तिथे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या सौद्यावर कडक टीका केली. १९८० मध्ये कासमभाईच्या केसमध्ये तर असा सौदा घटनेविरुद्धच आहे असं म्हटलं, कारण निर्दोष माणूससुद्धा लांब खटल्याच्या भीतीने कबूल करून टाकेल. १९८३ ची थिप्पास्वामीची केस मला त्या सगळ्यांत महत्त्वाची वाटते. हलकी शिक्षा मिळेल या भरवशावर माणसाने कबूल केलं, दंड भरला, आणि वरच्या कोर्टाने शिक्षा वाढवली. सुप्रीम कोर्ट म्हणालं हे घटनेच्या एकविसाव्या कलमाच्या, म्हणजे जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काच्या, विरुद्ध आहे, भरवसा देऊन कबुली घ्यायची आणि मग शिक्षा वाढवायची असं नाही करता येणार, खटला पहिल्यापासून चालवा आणि त्याला बचावाची संधी द्या.

मग २००५ ची दुरुस्ती आली आणि ५ जुलै २००६ पासून प्ली बार्गेनिंग कायद्यातच आलं, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी, त्यातून स्त्रियांवरचे आणि चौदा वर्षांखालच्या मुलांवरचे गुन्हे वगळून. बीएनएसएसमध्ये आता आरोप ठेवल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा आणि साठ दिवसांत तडजोड, अशा मुदती घातल्यात. पण त्यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. अर्ज आला की कोर्टाने आरोपीला समोरच्या पक्षाशिवाय, बंद खोलीत, एकट्याला विचारायचं की बाबा तू हे खरंच मनाने करतोयस ना. म्हणजे कायदा करणाऱ्यांना नीट माहीत आहे की भरलेल्या कोर्टात, आजूबाजूला पोलीस, समोर फिर्यादी असताना माणूस खरं बोलत नाही. तसंच पोलीस तपासातला कबुलीजबाब मॅजिस्ट्रेटसमोर द्यायचा असेल, जुनं १६४, तर मॅजिस्ट्रेट आधी बजावतात की तू हे सांगायला बांधील नाहीस आणि सांगितलंस तर तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल. मग छोट्या केसमध्ये, जिथे ‘हो’ म्हटलं की थेट शिक्षाच आहे, तिथे यातला एकही प्रश्न का नाही?

बाहेरच्या देशांत सगळं चांगलं आहे असं मी म्हणत नाही. अमेरिकेत नव्वद टक्क्यांहून जास्त शिक्षा खटला न चालताच कबुलीवर होतात आणि त्यात निर्दोष माणसंही अडकतात. पण तिथे १९६९ चा बॉयकिन विरुद्ध अलाबामा हा निकाल आहे. दरोड्याच्या पाच आरोपांत एका माणसाने कबूल केलं, जजने त्याला एकही प्रश्न विचारला नाही आणि त्याला फाशीची शिक्षा झाली. तिथल्या सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली, का तर त्याने समजून आणि मनाने कबूल केलं हे रेकॉर्डवर कुठेच दिसत नाही, आणि कागद गप्प असेल तर आम्ही ते गृहीत धरणार नाही. कागद गप्प असेल तर. आपल्याकडे कागद गप्प नसतो, आपल्याकडे छापील ‘स्वखुशीने’ असतं, आणि मला वाटतं त्यापेक्षा गप्प कागद बरा.

तुरुंगातली एक गोष्ट सांगायची राहिली. लीगल एडच्या व्हिजिटला गेलं की एक प्रश्न हमखास येतो, “बाई, कबूल केलं की सुटन ना?” मागच्या वेळी ज्याने विचारलं तो चोरीच्या केसमध्ये चौदा महिने आत होता, पहिलीच केस, जामीन झालेला पण जामीनदार कुठून आणणार. चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं. त्याचा हिशोब अगदी बरोबर होता, कबूल केलं तर कोर्ट ‘भोगली तेवढी शिक्षा’ म्हणून सोडेल आणि पोळ्याला घरी. नाकबूल म्हणत राहिला तर अजून किती महिने माहीत नाही. म्हणजे निर्दोष आहे म्हणणारा आत आणि दोषी आहे म्हणणारा बाहेर. याला स्वखुशी म्हणायचं का? आणि त्याला हे माहीतच नव्हतं की बीएनएसएसच्या ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला की त्याला बाँडवर सोडायचं असतं, म्हणजे त्याचा तो हक्क दोन महिन्यांपूर्वीच लागू झाला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे कलम जुन्या केसेसनाही लागू केलंय. कबूल न करता तो बाहेर आला. चोरी त्याने केली की नाही हे मला आजही माहीत नाही, ते खटल्यात ठरेल.

कबूल करणं वाईट असं मी कधीच म्हणणार नाही. मी स्वतः कितीतरी जणांना कबूल करायचा सल्ला दिलाय. दारू पिऊन गाडी चालवली, मशीनचा रिपोर्ट आहे, माणसाला स्वतःला चूक वाटतेय, तिथे खोटा बचाव उभा करण्यात काही अर्थ नाही, आणि मनापासून दिलेली कबुली न्यायाधीशही ओळखतात. फक्त मी कबूल करायच्या आदल्या दिवशी माणसाला ऑफिसला बोलावते, एकट्याला, आणि काय झालं ते पहिल्यापासून सांगायला लावते, मध्ये अजिबात बोलत नाही. मग विचारते नोकरी काय करता, कुठे अर्ज केलाय का, पासपोर्ट काढायचाय का, लायसन्सवर पोट आहे का. या प्रश्नांना वीस मिनिटं लागतात आणि निम्म्या वेळा निर्णय तिथेच बदलतो.

त्या पोराचं सध्या कुठवर आलंय ते सांगते. फॉर्मच्या रकान्यात त्याने ‘होय’ लिहिलं, खाली केस नंबर, कलम, दंड सगळं खरं खरं लिहिलं. ओळखीच्या दोघा-तिघांनी त्याला सांगितलं होतं की लिहू नको, कोण बघतंय. मी म्हटलं लिही, लपवलेलं सापडलं तर केसपेक्षा लपवणं महागात पडतं. २०१६ च्या अवतार सिंगच्या निकालात सुप्रीम कोर्टाने माहिती खरी द्यायला सांगितलीय, आणि गुन्हा किरकोळ असेल, वय कोवळं असेल तर अधिकाऱ्यांनी ते बघून निर्णय घ्यावा असंही सांगितलंय. त्यावर आम्ही भर देणार आहोत. आणि सेशन्स कोर्टात रिव्हिजन दाखल केलीय, उशीर माफ करायच्या अर्जासकट. मुद्दा एकच, कबुली त्याच्या शब्दांत लिहिलेली नाही आणि त्याने जे शब्द वापरले ती कबुली नव्हती. पुढची तारीख पंधरा दिवसांनी आहे.

प्रतिज्ञापत्र टाइप करताना आमच्या टायपिस्टने सवयीने नेहमीचं वाक्य टाकलं होतं, ‘अर्जदाराने कायद्याच्या अज्ञानापोटी व गैरसमजातून गुन्हा कबूल केला.’ तिचं काही चुकलं नाही, आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच वाक्य जातं. मी ते खोडलं, पोराला शेजारी बसवलं आणि म्हटलं, साहेबांना त्या दिवशी काय म्हणालास ते परत सांग, हळू सांग, ताई टाइप करतील. त्याने सांगितलं. वडील दाराशी उभे राहून ऐकत होते. “हो साहेब, भांडण झालं होतं, पण मी सोडवायला गेलो होतो.” तिसऱ्या परिच्छेदात ते तसंच्या तसं गेलंय.